हजेरीपटावर उशिरा आलेली नावं

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि मराठवाड्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. आपलं गाव शिरड शहापूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. निजामी राजवट जाऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती. शाळेत मूल घालायचं ही गोष्टच कितीतरी घरांना नवी होती. वर्गखोल्या कधी वाढल्या, पटसंख्या किती झाली, शिष्यवृत्तीला कोण बसलं, हा इतिहास शाळेच्या स्मरणिकेत येतो आणि यायलाच हवा. या लेखात मात्र एकच पान उघडलं आहे. याच भागात जन्मलेली, याच गल्ल्यांत वाढलेली काही मुलं सर्वसाधारण नोंदवहीत फार उशिरा आली. ती का उशिरा आली, कशी आली आणि आल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेनं त्यांच्यासाठी काय केलं, त्याची ही हकीकत आहे.

सुरुवातीच्या काळात या मुलांचं शाळेत नसणं कुणाला खटकत नव्हतं. शिक्षक पटनोंदणीला घरोघर जात, पण दाराशी बसलेल्या, नजर न देणाऱ्या किंवा हाक मारल्यावर मागं न वळणाऱ्या मुलाची चौकशी होत नसे. यात शिक्षकांचा दुष्टपणा नव्हता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या त्या काळच्या कायद्यांतच आजारपण आणि शारीरिक-मानसिक व्यंग ही मूल शाळेत न पाठवण्याची मान्य कारणं होती. म्हणजे अशा मुलाला घरी ठेवणाऱ्या बापाला कायदाच मोकळीक देत होता. गावानंही मुलाचं पाळण्यातलं नाव बाजूला ठेवून त्याच्या व्यंगावरून दुसरं नाव पाडलेलं असे, आणि आयुष्यभर तेच चालत असे.

अपवाद पोलिओच्या मुलांचा. सत्तर-ऐंशीच्या दशकात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा, वर्गात एक तरी पाय वाळलेला मुलगा आठवतो. गुडघ्यावर हात टेकून चालणारा, कुबडीवर येणारा, नाहीतर बापाच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून येणारा. शाळेनं त्याला घेतलं, कारण त्याला शिकवण्यासाठी शाळेला काहीच बदलावं लागत नव्हतं. त्याला ऐकू येत होतं, फळा दिसत होता, पाढे पाठ होत होते. कवायतीच्या वेळी त्याला दप्तरं सांभाळायला बसवलं की शाळेचं काम संपलं. आज मागं वळून पाहताना हे दप्तर सांभाळणं जरा बोचतं, पण त्या मुलांतली बरीच शिकली, मास्तर झाली, तलाठी झाली, टेलिफोन बूथ चालवू लागली. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे अपंग मूल म्हटलं की कुबडी डोळ्यांसमोर येणारी पिढी आणि आजचा वर्ग यांत मोठा फरक पडला आहे. आज शाळेत जी मुलं मदतीवाचून मागं राहतात, त्यांच्यापैकी पुष्कळांचं व्यंग बघून कळतच नाही.

आंधळ्या आणि बहिऱ्या मुलांची गोष्ट निराळी होती. त्यांच्यासाठी शाळा होत्या, पण त्या लांब होत्या. मुंबईत माझगावला मूकबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. दादरला १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. पुण्यात अंधशाळा १९३४ साली आली. मतिमंद मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा १९४४ मध्ये आणि पुण्यात सिंधुताई जोशींची कामायनी १९६४ मध्ये सुरू झाली. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईतच स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. या संस्थांचं ऋण मोठं आहे. ही मुलं शिकू शकतात हे महाराष्ट्राला त्यांनीच दाखवलं. पण शिरडच्या किंवा औंढ्याच्या शेतमजुराला त्यांचा उपयोग काय? पुढं मराठवाड्यातही समाजकल्याण खात्याच्या अनुदानावर निवासी शाळा निघाल्या. तरी सहा-सात वर्षांचं लेकरू, तेही न दिसणारं, वसतिगृहात सोडून यायला आईचं मन होत नसे. ज्यांनी काळजावर दगड ठेवून सोडलं त्यांची मुलं शिकली. बाकीची घरी राहिली. मुलगी असेल तर ती घरीच राहिली, हेही सांगायला हवं.

अपंग मुलाला शक्य तिथं गावच्याच शाळेत शिकवावं, ही सूचना कोठारी आयोगानं १९६४ ते १९६६ च्या दरम्यान केली होती. केंद्र सरकारनं १९७४ मध्ये त्यासाठी अपंग एकात्म शिक्षणाची योजना आणली. योजना चांगली होती, पण तिचं पाणी मोठ्या गावांच्या पुढं फारसं आलं नाही. योजनेला संस्था हवी, प्रशिक्षित शिक्षक हवा, प्रस्ताव हवा. खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेतून प्रस्ताव कोण पाठवणार?

आपल्या भागात खरा फरक पडला तो १९९४ नंतर. त्या वर्षी जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे ज्याला सगळे शिक्षक डीपीईपी म्हणूनच ओळखतात तो, सुरू झाला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे पाच जिल्हे निवडले गेले. पाचही मराठवाड्यातले. निवडीचा निकष अभिमानानं सांगावा असा नव्हता. जिथं स्त्रियांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी, ते जिल्हे घ्यायचे, असा तो होता. मागासलेपणाचा असाही फायदा कधी कधी होतो. डीपीईपीच्या पैशातून वर्गखोल्या झाल्या, नवी पुस्तकं आली, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाचा भागही त्यात आला. त्याच १९९४ च्या जूनमध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांनी एक जाहीरनामा मान्य केला होता. प्रत्येक मुलाला त्याच्या नेहमीच्या शाळेतच सामावून घ्यावं आणि शाळेनं मुलाप्रमाणं बदलावं, असा त्याचा मथितार्थ होता. परभणी जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या कानावर सालामांकाचं नाव गेलं नसेल, पण त्या विचाराचा एक पाट कसाबसा इथवर पोचला.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानं अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या दवाखान्याची वाट परभणीऐवजी हिंगोलीकडं वळली. पुढं सर्व शिक्षा अभियान आलं. त्यात कोणत्याही मुलाला, त्याचं अपंगत्व कोणत्याही प्रकारचं असो, नाकारायचं नाही असं धोरण ठरलं. या अभियानात अशा प्रत्येक मुलामागं वर्षाला १,२०० रुपयांची तरतूद होती. म्हणजे महिन्याला शंभर रुपये. नंतर ती ३,००० झाली, आणि २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत ३,५०० रुपये आहे. शिवाय अपंग मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता. एवढ्या पैशात काय होतं, असं कुणीही म्हणेल. पण त्यातून तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक आले. आपल्यासाठी ते औंढा नागनाथला. या बदलातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे असं मला वाटतं. रॅम्प नाही, सायकल नाही, भत्ताही नाही.

विशेष शिक्षक आले तरी मूल आधी सापडायला हवं होतं. मूल शोधण्याचं काम मात्र वर्गशिक्षकांच्या अंगावर पडलं. कुटुंब सर्वेक्षणाचा तक्ता घेऊन ते दारोदार गेले. 'आमच्यात तसलं कोणी नाही' हे उत्तर त्यांना पुष्कळ मिळालं. घरात तसं मूल आहे हे कळलं तर मोठ्या बहिणीच्या सोयरिकीत अडचण येते, ही भीती खोटी नव्हती. मग शेजारीण बोलता बोलता सांगे, अंगणवाडीताईला आठवत असे, नाहीतर धाकटा भाऊ वर्गात 'माझी ताई घरीच असते' म्हणून जाई. कुठल्याही तक्त्यापेक्षा भावंडांच्या तोंडून जास्त मुलं सापडली असावीत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणीला येऊ लागली. त्यानंतर कमी ऐकू येणं, कमी दिसणं ही कारणं लवकर लक्षात येऊ लागली. वर्षानुवर्षं मागच्या रांगेत बसून 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खाणाऱ्या कितीतरी मुलांना चष्मा लागला आणि त्यांचं लक्ष परत आलं.

मूल वर्गात आल्यावर काय होतं, हे जरा जवळून पाहू. कारण स्मरणिकांमध्ये योजना येतात, तास येत नाही.

न दिसणाऱ्या मुलाला ब्रेल शिकवायचं तर जाड कागद, ब्रेलची पाटी आणि स्टायलस नावाचं लहान टोकदार हत्यार लागतं. मूल उजवीकडून डावीकडं टोचत जातं. कागद उलटला की ठिपके वर येतात आणि ते डावीकडून उजवीकडं बोटांनी वाचतं. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर आरशातलं. सहा ठिपक्यांत सगळी मराठी बसते. भारतीय भाषांसाठी ही ब्रेल १९५१ मध्ये ठरली. तिच्यातली एक गंमत विशेष शिक्षकांकडून ऐकण्यासारखी असते. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि बोलताना ती नंतर येते. ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ, जसं बोलतो तसंच. जोडाक्षरात पाय मोडलेल्या अक्षराच्या आधी एक वेगळा ठिपका येतो. 'पुस्तक' मधला 'स्त' वाचताना बोटाला आधीच इशारा मिळतो की पुढचं अक्षर अर्धं आहे. आपल्या डोळस मुलांना असा इशारा मिळत नाही. ती रस्त्याला 'रसता' करतात आणि छडी खातात. खात असत, म्हणू या.

हीच वेलांटी आणि हीच जोडाक्षरं आता दुसऱ्या एका मुलाकडं नेऊ. त्याला दिसतं, ऐकू येतं, गणितही तोंडी पटापट सुटतं. कांद्याचा भाव आणि वजन सांगितलं की पैसे सांगतो. पण वाचायला उभं केलं की घामाघूम होतो. 'ध' चा 'घ', 'भ' चा 'म', पहिली वेलांटी कुठल्या अक्षराची हेच ठरत नाही. जुन्या हजेरीपटांत अशी मुलं पुष्कळ होती. त्यांची नावं होती, फक्त तिसरी-चौथीनंतर ती गळायची. मास्तर त्यांना 'ढ' म्हणत, घरचे म्हणत 'ह्याचं डोकं शेतात चालतं'. २००७ साली 'तारे जमीं पर' हा चित्रपट आला आणि अध्ययन अक्षमता हा शब्द निदान प्रशिक्षणांतून शिक्षकांच्या ओळखीचा झाला. कायद्यात मात्र तो २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं आला. या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले.

अशा मुलाला शिकवण्याची साधनं महाग नाहीत. परातीत बारीक वाळू पसरून अक्षर बोटानं गिरवायचं आणि त्याच वेळी मोठ्यानं उच्चारायचं. धड्याच्या ओळीखाली पट्टी धरायची, म्हणजे डोळा खालच्या ओळीवर घसरत नाही. वेलांटी लाल खडूनं, अक्षर पांढऱ्या. उत्तर लिहून येत नसेल तर तोंडी घ्यायचं. फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ जास्त द्यायचा, आणि उतरवून झालं नाही म्हणून मधली सुट्टी कापायची नाही. यातलं एकही काम सरकारी आदेशाची वाट पाहत नाही. पण चाळीस मुलांच्या वर्गात, दोन इयत्ता एकत्र असताना, खिचडीची नोंद आणि ऑनलाइन माहिती भरता भरता हे करायचं, ही गोष्ट सोपी नाही. जे शिक्षक हे करत आले त्यांची नावं कुठल्या फलकावर लागत नाहीत.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाचं यंत्र कानामागं बसतं. यंत्र मिळणं ही अर्धी गोष्ट. त्याची बॅटरी संपते, पावसाळ्यात दमट होतं, नळी मळानं बंद होते, आणि मूल काही सांगत नाही, कारण न ऐकू येणं त्याला सवयीचं असतं. म्हणून सकाळी परिपाठाआधी त्याच्या मागं उभं राहून नाव घ्यायचं, वळला तर यंत्र चालू आहे, हा साधा उपाय. शिक्षकानं फळ्याकडं तोंड करून बोलायचं नाही, हा दुसरा. हे दोनच नियम पाळले तरी त्या मुलाचं निम्मं वर्ष वाचतं.

औंढ्याच्या देवळाची कथा इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते देवळामागं जाऊन उभे राहिले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. नामदेवांचं नर्सीही आपल्याच जिल्ह्यातलं. इतक्या जवळची कथा असूनही आपण शाळा फिरवायचा विचार करायला एवढी वर्षं घेतली, याचं नवल वाटतं.

काही मुलं शाळेपर्यंत येऊच शकत नाहीत. मान धरत नाही, बसता येत नाही, दिवसातून अनेकदा झटके येतात. त्यांच्यासाठी घरच्या घरी शिक्षण, म्हणजे गृहाधारित शिक्षण, २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यात आलं. विशेष शिक्षक ठरावीक दिवशी घरी जातात. इथं पुस्तक नसतं. ग्लास दोन हातांनी धरून पाणी पिणं, शर्टाचं बटण लावणं, शी-शू कळवणं, आपलं नाव ऐकल्यावर बघणं, ही त्या मुलाची वर्षाची उद्दिष्टं. एक बटण लागायला एक सत्र जातं. शिक्षक एखादा तास येणार, बाकीचे दिवस आई करणार. म्हणून खरी विद्यार्थिनी आईच असते. तिला दाखवायचं, तिच्याकडून करून घ्यायचं. पण आपल्या भागात हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू झाली की आई दिवसा घरी सापडत नाही, आणि मूल आजीजवळ असतं. मग आजीला शिकवायचं. आजी लवकर शिकते, फक्त नातवाला स्वतः भरवायची तिची सवय सुटत नाही. घास त्याच्याच हातानं त्याच्या तोंडात जायला हवा, हे तिला पटवणं हा या कामातला सगळ्यात अवघड धडा आहे.

अशा मुलाचं नाव शाळेच्या हजेरीपटावर असतं. त्याचा अर्थ काही जण कागदोपत्री पटसंख्या असा लावतात. तसा गैरवापर कुठं झालाच नसेल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण नाव असल्यामुळे त्याला पुस्तकं मिळतात, गणवेश मिळतो, भत्ता मिळतो. वर्गातली मुलं त्याच्या वाढदिवसाला त्याच्या घरी जातात, निदान जावीत अशी अपेक्षा आहे. हजेरीपटावरचं नाव म्हणजे गावानं दिलेली ओळख असते.

इमारतीबद्दल थोडक्यात. रॅम्प आता बहुतेक शाळांत आहेत. नियमानं रॅम्पचा उतार एकास बारा असावा, म्हणजे एक फूट उंचीच्या ओट्याला बारा फूट लांबीचा. जागा नाही म्हणून तो पाच-सहा फुटांत बसवला की चाकाची खुर्ची वर चढवायला दोन माणसं लागतात, आणि उतरताना ती हातातून सुटते. काही ठिकाणी रॅम्प संपतो तिथंच दाराला उंबरा. जोत्याचं मोजमाप घेताना एकदा चाकाची खुर्ची आणून पाहिली असती तर हे झालं नसतं. शौचालयाचंही तेच. दार बाहेर उघडायला हवं, आत खुर्ची वळायला हवी. ग्रामपंचायतीनं आणि शाळा व्यवस्थापन समितीनं पुढच्या कामाला हात घालताना एवढं पाहिलं तरी पुरे.

साहित्यासाठी तालुक्याला मोजमाप शिबिरं भरतात. कानपूरची एलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी तिथं येते. तिची स्थापना १९७२ ची. तीनचाकी सायकल, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र, ब्रेल किट असं साहित्य तिथून मिळतं. मोजमाप होऊन साहित्य हातात पडेपर्यंत महिने जातात, आणि वाढत्या वयाच्या मुलाला तोवर कॅलिपर तोकडं होतं. मग ते माळ्यावर जातं. दाखल्याची गोष्टही अशीच रेंगाळणारी. आता ऑनलाइन अर्ज आणि युडीआयडी हे अपंगत्वाचं ओळखपत्र आलं आहे, तरी तपासणीसाठी हिंगोलीला जावंच लागतं. एक दिवसाची मजुरी बुडते, तपासणारा तज्ज्ञ त्या दिवशी नसला तर दोन दिवसांची.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यानं छडी बंद केली आणि नापास करणंही बंद केलं. यातली पहिली गोष्ट निर्विवाद चांगली. दुसरीचे दोन पैलू आहेत. नापास होऊन शाळा सोडणारी मुलं टिकली, हा मोठा फायदा. पण अक्षर न ओळखणारं मूल अलगद वरच्या वर्गात सरकत गेलं आणि ते का वाचत नाही हे विचारायची कुणावर सक्ती राहिली नाही, हा तोटा. तिसरीत ओळखू यायला हवी होती अशी अध्ययन अक्षमता मग थेट आठवी-नववीत उघडी पडते. दहावीच्या परीक्षेत राज्य मंडळ अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत देतं. ही सवलत मिळवायला तपासणी लागते, आणि तपासणीची पुरेशी सोय मुंबई-पुण्याबाहेर अजूनही दुर्मीळ आहे. म्हणून प्राथमिक शाळेत लवकर ओळखणं हेच आपल्या हातातलं एकमेव औषध.

मार्च २०२० मध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या तेव्हा या मुलांचं नुकसान सगळ्यात जास्त झालं. मोबाइलवरचा तास ऐकू न येणाऱ्या मुलाला काय कामाचा? ओठ वाचून समजून घेणाऱ्या मुलासमोर सगळं जग मास्क लावून आलं. फिजिओथेरपी थांबली, आखडलेले हात-पाय आणखी आखडले. ते नुकसान अजून भरून आलेलं नाही.

आता विशेष शिक्षकांबद्दल. वीस वर्षांहून अधिक काळ हे शिक्षक कंत्राटावर राहिले. दरवर्षी मुदतवाढ, तुटपुंजं मानधन, आणि एकेका शिक्षकाकडं अनेक गावं. एखाद्या शाळेत ते महिन्यातून एक-दोनदा पोचले तरी खूप. वर्गशिक्षकाला वाटे, हे मूल त्या सरांचं. त्या सरांना वाटे, रोज समोर असणारा शिक्षक मी नाही. मूल मधल्यामध्ये. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करायचं ठरवलं, म्हणजे राज्यातल्या प्रत्येक केंद्राला एक. केंद्र म्हणजे साधारण दहा-बारा शाळांचा गट. हा निर्णय प्रत्यक्षात नीट उतरला तर विशेष शिक्षक तालुक्यावरून येणारा पाहुणा राहणार नाही, केंद्रातलाच माणूस होईल. तो दर आठवड्याला दिसू लागेल. या इतिहासातलं पुढचं प्रकरण त्यावर अवलंबून आहे. कंत्राटी काळात ज्यांनी दुचाकीवर गावोगाव हिंडून हे काम तगवलं, त्यांचं श्रेय मात्र नव्या पदांच्या गर्दीत हरवू नये.

एवढ्या वर्षांचा ताळेबंद मांडायचा तर प्रवेशाची लढाई आपण बहुतांशी जिंकली आहे. आज जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारातून अपंग मुलाला परत पाठवणं बेकायदेशीर आहे, आणि ते गावाला रुचणारंही नाही. शिकण्याची लढाई अर्ध्यावर आहे. मूल वर्गात बसतं, खिचडी खातं, खेळतं, हे थोडं नाही. पण चौथी संपताना त्याला काय येतं, हा प्रश्न आपण इतर मुलांबद्दल जितक्या काटेकोरपणे विचारतो तितका त्याच्याबद्दल विचारत नाही. दयेपोटी विचारत नाही. ही दया त्याच्या मुळावर येते.

म्हणून ग्रामस्थांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. स्मरणिकेच्या निमित्तानं शाळेला काही द्यायचं असेल तर कमान आणि घड्याळाआधी याचा विचार करा: ब्रेलचा कागद, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, मोठ्या अक्षरांची गोष्टीची पुस्तकं, योग्य उताराचा रॅम्प. आपल्या गल्लीत सहा वर्षांवरचं एखादं मूल घरी असेल तर अंगणवाडीताईला किंवा मुख्याध्यापकांना सांगा. आणि पालकांनो, दाखला मिळाला नाही म्हणून प्रवेशासाठी थांबू नका. दाखला भत्त्यासाठी लागतो, शाळेत नाव घालायला लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की मुलाला घेऊन या. मध्येच आणलं तरी चालतं, वर्षभर प्रवेश खुला असतो.